चर्चिल सोडून बाकीचे चौघे

जुना पेपरवाला (धागाकर्ता):

चर्चिलवर मराठीत भरपूर लिहून झालंय. सिगार, टोपी, दोन बोटं, भाषणं, सगळं. म्हणून हा धागा त्याच्यावर नाही, निदान मुद्दाम तरी नाही. १० मे १९४० च्या संध्याकाळी तो ब्रिटनचा पंतप्रधान झाला तेव्हा त्याच्याभोवती जी माणसं बसली, त्यांच्याबद्दल बोलायचंय. निमित्त असं की मागे एका धाग्यावर कुणीतरी ठासून लिहिलं होतं, "युद्धात आघाडी सरकार कामाचं नाही, तिथे एकच खंबीर माणूस लागतो." उदाहरण दिलं होतं चर्चिलचं! ज्याचं सरकार तीन पक्षांचं होतं आणि जो पहिले पाच महिने स्वतःच्या पक्षाचा नेताही नव्हता.

आधीची गोष्ट पटकन सांगतो. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध जाहीर झालं तेव्हा पंतप्रधान होता चेंबरलेन, हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षाचा. मजूर (लेबर) पक्ष त्याच्या हाताखाली काम करायला तयार नव्हता. एप्रिल १९४० मध्ये नॉर्वेची मोहीम फसली आणि ७ व ८ मेला संसदेत तिच्यावर चर्चा झाली. चेंबरलेनच्याच पक्षाचा लिओ एमरी उठला आणि क्रॉमवेलचे जुने शब्द त्याच्या तोंडावर फेकून मोकळा झाला: देवाचं नाव घेऊन सांगतो, चालते व्हा. (हा एमरी लक्षात ठेवा. जन्म गोरखपूरचा, आणि नव्या सरकारात भारतमंत्री.) मतदानात सरकार २८१ विरुद्ध २०० असं जिंकलं. पण एरवी दोनशेच्या वर असणारं मताधिक्य ८१ वर आलं. स्वतःचीच माणसं उठून गेली हे सगळ्या सभागृहाने पाहिलं.

मग प्रश्न आला हॅलिफॅक्स की चर्चिल. हॅलिफॅक्स म्हणजे आपला लॉर्ड आयर्विन, गांधी-आयर्विन करारातला. राजालाही तो हवा होता, चेंबरलेनलाही. पण त्याने स्वतःच अंग काढून घेतलं. उमरावांच्या सभागृहात बसून सरकार चालवता येणार नाही, असं कारण दिलं. मजूर पक्षाची कार्यकारिणी तेव्हा अधिवेशनासाठी बोर्नमथला जमली होती. तिच्यापुढे दोन प्रश्न होते. चेंबरलेनच्या हाताखाली सरकारात जाणार का? दुसऱ्या कुणाच्या हाताखाली जाणार का? पक्षाचा नेता अ‍ॅटलीने १० मेच्या दुपारी फोनवरून उत्तर कळवलं: पहिल्याला नाही, दुसऱ्याला हो. त्या दिवशी पहाटेच जर्मन फौजा हॉलंड आणि बेल्जियममध्ये शिरल्या होत्या.

युद्ध मंत्रिमंडळ फक्त पाच जणांचं. चर्चिल पंतप्रधान आणि स्वतःच संरक्षणमंत्री. हुजूर पक्षाचे चेंबरलेन (हो, घालवलेला माणूस पुन्हा आत) आणि हॅलिफॅक्स. मजूर पक्षाचे अ‍ॅटली आणि आर्थर ग्रीनवुड. भूदल, नौदल, हवाई दल यांचे मंत्री या पाचांत नव्हते. त्यांची खातीही तीन पक्षांत वाटलेली: भूदल हुजूर पक्षाच्या ईडनकडे, नौदल मजूर पक्षाच्या अलेक्झांडरकडे, हवाई दल उदारमतवादी सिंक्लेअरकडे. १३ मेला चर्चिल सभागृहात आला तेव्हा हुजूर बाकांवरून त्याच्यापेक्षा चेंबरलेनला जास्त टाळ्या पडल्या. "रक्त, कष्ट, अश्रू आणि घाम" हे भाषण त्याच दिवशीचं. आज वाटतं की ते ऐकून सगळे भारावले असतील. त्याच्या पाठीमागच्या बाकांवर पुष्कळ जण हाताची घडी घालून बसले होते.

आता माझा खरा मुद्दा. २६ ते २८ मे १९४०. फ्रान्समध्ये डंकर्कच्या किनाऱ्यावर ब्रिटिश फौज अडकलेली आणि तिच्यातले किती परत येतील याची कुणालाच खात्री नव्हती. हॅलिफॅक्सचं म्हणणं होतं की मुसोलिनीमार्फत तहाच्या अटी काय मिळतात ते चाचपून तर बघू. इटलीच्या राजदूताशी त्याचं बोलणंही झालं होतं. यात वेडेपणा काही नव्हता, तेव्हा शहाण्या माणसाला सुचेल असाच तो विचार होता. चर्चिल म्हणाला, एकदा त्या घसरणीवर पाय ठेवला की संपलं. पाचांतले दोघे असे समोरासमोर. चेंबरलेन मधे कुठेतरी घुटमळत होता. अ‍ॅटली आणि ग्रीनवुड पहिल्यापासून चर्चिलच्या बाजूने होते. म्हणजे त्या तीन दिवसांत चर्चिलला सावरलं ते विरोधी पक्षातून आलेल्या दोघांनी. हुजूर पक्षाचं एकट्याचं सरकार असतं, चर्चिल, चेंबरलेन आणि हॅलिफॅक्स एवढेच टेबलाशी असते, तर काय झालं असतं याचा अंदाज ज्याचा त्याने करावा. २८ तारखेला चर्चिलने मंत्रिमंडळाबाहेरच्या पंचवीसेक मंत्र्यांना बोलावून त्यांचाही पाठिंबा मिळवला. तोवर चेंबरलेनही त्याच्या बाजूला आला होता, आणि हॅलिफॅक्स एकटा पडला.

म्हणून म्हणतो, "एकच खंबीर माणूस" ही गोष्ट नंतर रचलेली आहे. बोला.

---

चहाबाज:

पेपरवाले, सकाळी सकाळी बरं वाचायला दिलंत. एक शंका. १९३५ च्या निवडणुकीत मजूर पक्षाला किती जागा होत्या? माझ्या आठवणीप्रमाणे दीडशेच्या आसपास. मग पाचात दोन खुर्च्या कशा पदरात पडल्या? आपल्याकडे एवढ्या जागांवर एक राज्यमंत्रिपद, दोन महामंडळं आणि पालकमंत्रिपदाचं आश्वासन मिळतं.

---

जुना पेपरवाला:

१५४. आणि हिशेब जागांचा नव्हताच. युद्ध चालवायला कारखाने लागतात, कारखान्यांना कामगार लागतात, आणि कामगार ज्यांचं ऐकतात ती माणसं मजूर पक्षाकडे होती. यातला सगळ्यात वजनदार गडी म्हणजे अर्नेस्ट बेविन. देशातल्या सर्वांत मोठ्या कामगार संघटनेचा सरचिटणीस, शाळा अकराव्या वर्षीच सुटलेली, आणि मजूर खात्याचा मंत्री झाला तेव्हा खासदारसुद्धा नव्हता. त्याला लंडनमधल्या एका मतदारसंघातून जूनमध्ये बिनविरोध निवडून आणला.

२२ मेला संसदेने एका दिवसात एक कायदा मंजूर केला. त्याने सरकारला देशातल्या कुठल्याही माणसावर आणि कुठल्याही मालमत्तेवर हुकूम चालवायचा अधिकार मिळाला. हे विधेयक मांडायला उभा कोण राहिला? अ‍ॅटली. जुलैत संपावर बंदी घालणारा १३०५ क्रमांकाचा आदेश निघाला, तो बेविनच्या खात्याचा. हाच आदेश हुजूर पक्षाच्या मंत्र्याने काढला असता तर दुसऱ्या दिवशी गोद्या बंद पडल्या असत्या. तरी संप झालेच, पण ते वेगळं.

---

तळटीप:

लेख आवडला. नेहमीप्रमाणे माझी पुरवणी.

मजूर पक्षाने एवढी ताणून का धरली हे समजायला आधीचे दोन फटके माहीत हवेत. पहिल्या महायुद्धातही आघाडी झाली होती. मे १९१५ मध्ये अ‍ॅस्क्विथने केली, डिसेंबर १९१६ मध्ये लॉइड जॉर्जने त्यालाच बाजूला सारून पाच जणांचं युद्ध मंत्रिमंडळ बसवलं. चर्चिलचा आकडाही पाचाचाच. त्या आघाडीने जर्मनीला हरवलं, पण उदारमतवादी पक्षाची दोन शकलं झाली आणि तो पुन्हा कधी नीट उभा राहिला नाही. दुसरा फटका १९३१ चा. मजूर पक्षाचा पंतप्रधान मॅकडोनल्ड राष्ट्रीय सरकार करायला म्हणून हुजूर पक्षासोबत गेला आणि पक्षाचं कंबरडं मोडलं.

१९४० मध्ये बोर्नमथला बसलेल्या माणसांना हे दोन्ही पाठ होतं. "आत जाऊ, पण पक्ष बाहेर शाबूत ठेवू" हा धडा त्यातूनच आला. म्हणून अ‍ॅटलीने पक्षाची परवानगी घेतल्याशिवाय उत्तर दिलं नाही. चर्चिलला मात्र पक्षाची तमा फारशी कधी नव्हतीच. हुजूर, उदारमतवादी आणि पुन्हा हुजूर असा त्याचा प्रवास.

---

हाउन्स्लोची मावशी:

गेल्या महिन्यात भारतातून भाचा आला होता, त्याला घेऊन लंडनमधलं युद्ध मंत्रिमंडळाचं तळघर पाहून आले. सेंट जेम्स पार्कच्या कोपऱ्यावर, सरकारी इमारतीच्या खाली. माझी ही तिसरी वेळ, पण दर वेळी छाती दडपते. जमिनीखालच्या बुटक्या खोल्या, लाल रंगवलेले जाडजूड खांब-तुळया. मंत्रिमंडळाची खोली आपल्या सोसायटीच्या मीटिंग हॉलएवढीसुद्धा नसेल. युद्धकाळात तिथे ११५ बैठका झाल्या. टेबलं चौकोनात लावलेली, आणि मधल्या पोकळीत सेनाप्रमुख बसत, चर्चिलच्या अगदी समोर. भाचा म्हणाला, "मावशी, ही तर तोंडी परीक्षेची खोली आहे."

दोन गोष्टी मला फार आवडतात. एक म्हणजे भिंतीवरची पाटी. वर हवा कशी आहे ते खाली कळायला मार्ग नाही म्हणून ती लावलेली, आणि बाँबहल्ला चालू असला की गमतीने "जोराचा वारा" असं लिहीत. दुसरी, नकाशांच्या खोलीत एका अधिकाऱ्याने खणात जपून ठेवलेल्या साखरेच्या वड्या, ज्या पुढे कित्येक वर्षांनी सापडल्या. रेशनची साखर हो! बिचाऱ्याने कशासाठी मागे ठेवली असेल कोण जाणे.

तिथे एक दार असं आहे की लोकांना वाटे साहेबांचा खासगी संडास. आत रूझवेल्टशी बोलायचा टेलिफोन.

अवांतर: रेशनवरून आठवलं, अन्नमंत्री लॉर्ड वुल्टन कुठल्याच पक्षाचा नव्हता. डिपार्टमेंट स्टोअर चालवणारा माणूस. त्याच्या नावाची बटाटे-गाजर-सलगमची पाय निघाली होती. माझी म्हातारी शेजारीण अजून त्या नावाने तोंड वाकडं करते.

---

वणीकर:

सगळं बरोबर आहे भाऊ, पण आमच्या विदर्भातून हे मंत्रिमंडळ कसं दिसत होतं तेही थोडं लिहू द्या.

वर तुम्ही अ‍ॅटलीला सज्जन ठरवून मोकळे झाले. आता ऑगस्ट १९४२ बघा. ८ तारखेला मुंबईत गवालिया टँकवर 'छोडो भारत'चा ठराव झाला आणि ९ च्या पहाटे धरपकड. व्हीटीवरून खास गाडी निघाली. गांधीजींना चिंचवडला उतरवून मोटारीने आगाखान पॅलेसमध्ये नेलं. नेहरू, पटेल, आझाद अहमदनगरच्या किल्ल्यात. या धरपकडीला लंडनमधून जी मंजुरी आली ती युद्ध मंत्रिमंडळाची, आणि त्या बैठकीत अध्यक्षाच्या खुर्चीत चर्चिल नव्हता. तो तेव्हा कैरोला गेला होता. खुर्चीत होता अ‍ॅटली. एव्हाना युद्ध मंत्रिमंडळात बेविनही आला होता, आणि चारच महिन्यांपूर्वी दिल्लीत येऊन हात हलवत परत गेलेला स्टॅफर्ड क्रिप्सही होता. तिघंही समाजवादी. एकानेही राजीनामा दिला नाही.

राजीनामा दिला तो आमच्या वणीच्या माणसाने. लोकनायक बापूजी अणे. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात १९४१ पासून होते, परदेशस्थ भारतीयांचं खातं त्यांच्याकडे. फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींनी आगाखान पॅलेसमध्ये २१ दिवसांचं उपोषण मांडलं, सरकार त्यांना सोडायला तयार होईना, तेव्हा अणे, होमी मोदी आणि नलिनी रंजन सरकार हे तिघे बाहेर पडले. वर लंडनमध्ये कारभारात मुरलेले लोक मिठाची गुळणी धरून बसले होते, आणि नावालाच सत्ता असलेले हे तिघे उठून गेले. हे पण युद्धकाळातलं मंत्रिमंडळच होतं ना बाप्पा?

---

दोन पैसे:

वणीकर, भावना समजल्या, पण जरा इकडूनही बघा. ऑगस्ट १९४२ मध्ये जपानी फौजा ब्रह्मदेशात, जर्मन सेनापती रोमेल इजिप्तमध्ये शिरलेला. त्या घडीला लंडनमध्ये कुठल्याही पक्षाचं सरकार असतं तरी हेच झालं असतं. आणि अ‍ॅटलीची बाजू एकतर्फी मांडू नका. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्याने मंत्रिमंडळाला टिपण लिहून व्हाइसरॉय लिनलिथगोच्या धोरणावर टीका केली होती आणि भारतात कुणाला तरी वाटाघाटींना पाठवा म्हणून धरून बसला होता. क्रिप्स आला तो त्या दबावातून. अर्थात सिंगापूर पडलं आणि अमेरिकेनेही कान टोचले, हेही आहेच.

---

वणीकर:

टिपण लिहिलं हे खरं. म्हणूनच जास्त लागतं. ज्याला कळत नव्हतं त्याला काय बोलायचं? चर्चिलने नोव्हेंबर १९४२ मध्ये उघडच सांगून टाकलं की साम्राज्याचं दिवाळं काढायला मी राजाचा पंतप्रधान झालेलो नाही. ते सरळ. अ‍ॅटली १९२८ मध्ये सायमन कमिशनबरोबर इथे येऊन गेला होता, काळे झेंडे स्वतःच्या डोळ्याने पाहिले होते.

आणि १९४३ चा बंगाल? धान्यासाठी जहाजं द्या म्हणून भारतमंत्री एमरी मंत्रिमंडळापुढे पुन्हा पुन्हा गेला. मागणी पाच लाख टनांची, हातात पडलं त्याच्या जवळपासही नाही. तिकडे लाखो माणसं मेली. तीस लाखांपर्यंतचा अंदाज सांगतात. वाद घालणारा एमरी हुजूर पक्षाचा, साम्राज्याचा कट्टर भक्त. मजूर पक्षाच्या मंत्र्यांनी त्याच्या पाठीशी उभं राहून टेबल ठोकलं असं काही मला वाचायला मिळालं नाही. तुम्हाला मिळालं असेल तर सांगा, मी शब्द मागे घेईन.

---

जुना पेपरवाला:

वणीकर, शब्द मागे घ्यायची वेळ येणार नाही, निदान माझ्याकडून. मुद्दा मान्य, आणि मूळ लेखात यायला हवा होता.

मला वाटतं आघाडीच्या आत एक वाटणी ठरून गेली होती, कागदावर नाही, सवयीने. युद्ध चर्चिलचं, घर मजूर पक्षाचं. साम्राज्य हे युद्धाच्या पोत्यात बांधलेलं होतं. ज्या विषयावर ताणलं तर आघाडी तुटेल तो विषय मजूर मंत्री सोडून देत, आणि भारत हा चर्चिलसाठी तसा विषय होता. जुलै १९४२ मध्ये भारताचे प्रतिनिधी म्हणून रामस्वामी मुदलियार आणि नवानगरचे जामसाहेब यांची नावं जाहीर झाली, युद्ध मंत्रिमंडळाच्या बैठकांना बसायला. निवड व्हाइसरॉयच्या मर्जीची. त्यानंतर महिन्याभरात धरपकड. यातून काय ते समजा.

एक धागा मात्र जोडतो. ज्या महिन्यात ही नावं जाहीर झाली त्याच महिन्यात डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले. बेविनचं जे खातं लंडनमध्ये, तेच दिल्लीत बाबासाहेबांकडे. भारतातले तरुण कारागीर तुकड्या-तुकड्यांनी इंग्लंडच्या कारखान्यांत शिकायला पाठवायची बेविनच्या नावाची योजना तेव्हा चालू होती. सरकार, मालक आणि कामगार या तिघांना एका टेबलाशी बसवायची पद्धत दोन्हीकडे त्याच काळात रुजली. हा विषय कुणीतरी नीट लिहायला हवा.

---

पानगळ:

एवढा वेळ वाचतेय, आणि एकही बाई नाही! युद्ध मंत्रिमंडळात तर पाच वर्षांत एकही नव्हती. खाली उपमंत्री पातळीवर एलन विल्किन्सन, फ्लोरेन्स हॉर्सब्रा अशी एक-दोन नावं.

पण बेविनच्या खात्यानेच डिसेंबर १९४१ च्या कायद्याने वीस ते तीस वयाच्या अविवाहित मुलींना सक्तीने कामाला जुंपलं. सैन्याच्या साहाय्यक दलात जा, नागरी संरक्षणात जा नाहीतर कारखान्यात जा. कामाला समान, पगाराला नाही.

आता माझी आवडती गोष्ट. मार्च १९४४. शिक्षणमंत्री बटलरचं शिक्षण विधेयक चर्चेला होतं. हुजूर पक्षाच्याच थेल्मा कॅझलेट-कीअर या बाईंनी दुरुस्ती मांडली: शिक्षिकांना शिक्षकांइतका पगार. २८ मार्चला मतदान झालं, ११७ विरुद्ध ११६. सरकार एका मताने हरलं! हिटलरशी लढताना जे सरकार चार वर्षांत मतदानात एकदाही हरलं नव्हतं, ते मास्तरणींच्या पगारावर हरलं. चर्चिल असा खवळला की त्याने तोच मुद्दा विश्वासदर्शक करून पुन्हा मतदानाला आणला. मग काय, नॉर्मंडीवर उतरायला दोन महिने राहिलेले, सरकार कोण पाडणार? चारशेच्या वर मतांनी दुरुस्ती उडवली. बेविनसुद्धा चर्चिलच्याच बाजूने. समान पगाराचं पुढे बघू म्हणून आयोग नेमला. आयोग! ओळखीचं वाटतंय ना?

---

चहाबाज:

पानगळ, +१०००. आयोगाला सीमा नसतात.

पण मग मला सांगा, सगळेच पक्ष आत असतील तर विरोधात बोलायचं कोणी? का संसद म्हणजे नुसतं मान डोलवणं?

---

तळटीप:

चांगला प्रश्न. बोलणारे होते. सगळ्यात तिखट अन्युरिन बेव्हन. (बेविन वेगळा, बेव्हन वेगळा. दोघेही मजूर पक्षाचे, दोघांचं एकमेकांशी अजिबात पटत नसे. मराठी वर्तमानपत्रांत तेव्हा काय गोंधळ होत असेल!)

जून १९४२ मध्ये लिबियातलं टोब्रुक जर्मनांच्या हाती पडलं आणि जुलैच्या सुरुवातीला अविश्वासाचा ठराव आला. बेव्हन म्हणाला, पंतप्रधान वादामागून वाद जिंकतात आणि लढाईमागून लढाई हरतात. ठराव मांडणारा होता हुजूर पक्षाचा सर जॉन वॉर्डलॉ-मिल्न, जो आधी बरीच वर्षं मुंबईत व्यापारात होता. भाषण रंगात आलं होतं, तेवढ्यात त्याने सुचवलं की राजाच्या भावाला, ड्यूक ऑफ ग्लॉस्टरला, सरसेनापती करावं. सभागृहात हशा उसळला आणि ठराव तिथेच मेला. ४७५ विरुद्ध २५.

बाहेर मात्र लोक वेगळंच सांगत होते. पोटनिवडणुकीत एकमेकांविरुद्ध उमेदवार द्यायचा नाही असा तिन्ही पक्षांचा करार होता. ती पोकळी कॉमनवेल्थ नावाच्या नव्या डाव्या पक्षाने हेरली. त्याने आणि अपक्षांनी हुजूर पक्षाच्या हक्काच्या जागा एकेक करून पळवल्या. १९४५ ला काय होणार याची चाहूल तेव्हाच लागायला हवी होती.

---

जुना पेपरवाला:

आणि बेव्हरिज अहवाल. जून १९४१ मध्ये ग्रीनवुडने विम्याच्या कटकटी निस्तरायला म्हणून एक समिती नेमली. डिसेंबर १९४२ मध्ये अहवाल आला तो आजारपण, बेकारी, म्हातारपण सगळ्याला सरकारचा आधार सांगणारा. विकत घ्यायला रांगा लागल्या. सरकारी अहवालाला रांगा! फेब्रुवारी १९४३ मध्ये सरकारने "तत्त्वतः मान्य, पण आत्ता नाही" असा सूर लावला आणि मजूर पक्षाच्या मागच्या बाकांवरचे खासदार आपल्याच मंत्र्यांविरुद्ध उभे राहिले. सव्वाशेच्या आसपास मतं सरकारविरुद्ध गेली.

अ‍ॅटलीचं काम या सगळ्याच्या मधे. चर्चिल परदेशी गेला की बैठक अ‍ॅटली चालवी आणि ती वेळेत संपे. चर्चिल असला की आठवणी, इतिहास, विनोद, आणि विषयपत्रिका जागेवरच. घरच्या कारभाराच्या समितीत सर जॉन अँडरसन, जो पूर्वी बंगालचा गव्हर्नर होता. त्याच्या नावाचं अंगणात पुरायचं पत्र्याचं निवाराघर, आणि त्याच्यानंतर गृहमंत्री झालेल्या मॉरिसनच्या नावाचा घरातला लोखंडी पिंजरा, ज्यावर दिवसा जेवायचं आणि रात्री खाली झोपायचं. दोन गृहमंत्री, दोन निवारे.

जानेवारी १९४५ मध्ये अ‍ॅटलीने चर्चिलला लांबलचक पत्र लिहिलं. कुणाच्या नजरेस पडू नये म्हणून टंकलेखन स्वतः केलं, वेडंवाकडं. म्हणणं एवढंच की समित्या मेहनत करून निर्णय घेतात, तुम्ही कागद वाचत नाही, आणि बीव्हरब्रुक-ब्रॅकन या दोन दोस्तांचं ऐकून सगळं उलटं करता. चर्चिल संतापला. त्याच्या बायकोने मात्र पत्र वाचून अ‍ॅटली खरं बोलतोय असं सांगितलं.

---

दोन पैसे:

शेवट कसा झाला तेही सांगून टाका, म्हणजे धागा पूर्ण होईल.

---

जुना पेपरवाला:

जर्मनी मे १९४५ मध्ये शरण आला. चर्चिल म्हणाला जपान हरेपर्यंत एकत्र राहू. अ‍ॅटली आणि बेविन यांना ते चाललं असतं, पण मजूर पक्षाचं अधिवेशन ब्लॅकपूलला भरलं होतं आणि तिथे कुणी ऐकेना. १९३५ नंतर निवडणूकच झाली नव्हती, दर वर्षी मुदतवाढ देऊन दहा वर्षं ढकललेली संसद. २३ मेला चर्चिलने राजीनामा दिला.

२८ मेला त्याने जाणाऱ्या मंत्र्यांना डाउनिंग स्ट्रीटवर चहाला बोलावलं. म्हणाला, इतिहासाचा उजेड तुम्हा सगळ्यांच्या शिरस्त्राणांवर पडेल. डोळ्यांत पाणी होतं. त्यानंतर आठवड्याभरात प्रचाराच्या पहिल्याच रेडिओ भाषणात त्याने सांगितलं की याच लोकांचा समाजवाद आणायचा तर गेस्टापोसारखं (हिटलरचे गुप्त पोलीस) काहीतरी लागेल! ज्यांच्यासोबत पाच वर्षं त्या तळघरात बसला, त्यांच्याबद्दल.

जुलैत पॉट्सडॅमच्या परिषदेला तो अ‍ॅटलीला सोबत घेऊन गेला. निकाल ऐकायला दोघे परत आले. २६ जुलैला आकडे लागले, मजूर पक्ष ३९३. पॉट्सडॅमला परत गेला तो अ‍ॅटली, सोबत परराष्ट्रमंत्री म्हणून बेविन.

---

हाउन्स्लोची मावशी:

आणि वुल्टन निकालाच्या दिवशी हुजूर पक्षात सामील झाला! आयुष्यभर पक्ष नको म्हणणारा माणूस, पक्ष हरल्यावर आत गेला. दुसऱ्या वर्षी त्याच पक्षाचा अध्यक्ष. आणि हो, युद्ध चालू असताना ब्रेडवर रेशन कधीच नव्हतं. ते आलं १९४६ मध्ये, अ‍ॅटलीच्या राज्यात. शेजारीणबाईंच्या हिशेबात हा गुन्हा वुल्टनच्या पायपेक्षा मोठा.

---

वणीकर:

शिरस्त्राणांवर उजेड म्हणे. बरं.

पेपरवाले, बापूजी अण्यांवर आणि व्हाइसरॉयच्या त्या मंडळावर मी वेगळा धागा काढतो. राजीनाम्यानंतर काही महिन्यांतच त्याच सरकारने त्यांना भारताचा प्रतिनिधी म्हणून सिलोनला पाठवलं आणि ते गेलेही. तेव्हा मलाही थोडं उत्तर द्यावं लागणार आहे. दिवाळीनंतर यवतमाळला चाललोय, तिथल्या जुन्या लोकांशी बोलून घेतो आधी.

---

चहाबाज:

वणीकर, पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. तोवर मी साखरेच्या वड्या जपून ठेवतो.